पडद्यामागचे दोन आवाज

चित्रपटाविषयी बोलण्याचा तुमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारले तर मला निरुत्तर व्हावे लागेल. मी सरकारी नोकर. मराठी घेऊन एम. ए. झालो, स्पर्धा परीक्षेच्या वाटेने दिल्लीस आलो, आणि गेली वीसएक वर्षे टिपणे लिहिणे, इतरांची टिपणे सुधारणे व सुधारलेली टिपणे वर पाठविणे हाच माझा व्यवसाय झाला आहे. तथापि गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी एक चित्रपट तयार झाला. तो माझ्या भाच्याने आणि त्याच्या महाविद्यालयातील चार-पाच सोबत्यांनी केला, आणि चित्रण संपल्यावर पार्श्वसंगीत कोणते ठेवावे व निवेदन कोणी करावे यावरून त्यांच्यात कडाक्याचे भांडण झाले. घरातला वडीलधारा, त्यातून मराठीचा एम. ए., म्हणून मला पंच नेमण्यात आले. त्या पंचगिरीत मी काय केले आणि त्यातले किती रद्द झाले, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

आम्ही राहतो ते सरोजिनी नगर. सरकारी नोकरांची ही वसाहत पूर्वी विनय नगर म्हणून ओळखली जाई. सरोजिनी नायडूंचे नाव तिला मागाहून मिळाले. २०१६ साली केंद्र सरकारने दिल्लीतील ज्या सात वसाहतींच्या पुनर्विकासाला मान्यता दिली त्यांत हिचाही समावेश होता, आणि जुन्या बैठ्या व दुमजली घरांच्या जागी आता मनोरे उभे राहत आहेत. पण वसाहत कोणाला ठाऊक असो वा नसो, येथील बाजार देशभर ठाऊक आहे. परदेशी पाठविण्यासाठी शिवलेले आणि काही ना काही कारणाने मागे राहिलेले कपडे येथे ढिगांनी विकले जातात. ढिगावर उभा राहून भाव पुकारणारा विक्रेता, 'शंभर' हा एकच शब्द तासन्‌तास वेगवेगळ्या चढउतारांनी म्हणत असतो. महाविद्यालयीन मुलींचे तर हे पंढरपूरच. विद्यापीठाच्या दक्षिण परिसराजवळच्या मेट्रो स्थानकाला दुर्गाबाई देशमुखांचे नाव आहे. (चिंतामणरावांच्या पत्नी ही त्यांची ओळख आपण मराठी माणसे प्रथम सांगतो, घटना समितीच्या सदस्या ही ओळख खरे तर आधी सांगावयास हवी.) तेथून गुलाबी मार्गाने निघाले की तिसरे स्थानक सरोजिनी नगर. अशा ठिकाणी विद्यार्थ्यांना प्रेमकथा सुचली नसती तरच नवल.

कथा अगदी लहान आहे. एक मुलगी कुर्त्याच्या भावासाठी घासाघीस करते, विक्रेता अखेर तिच्या भावाला येतो, आणि ऐन वेळी तिला दहा रुपये कमी पडतात. शेजारी उभा असलेला एक मराठी मुलगा ते देतो. ती म्हणते, पुढच्या वेळी परत करीन, आणि गर्दीत नाहीशी होते. त्यानंतर तो तिला शोधीत बाजारात फेऱ्या घालतो. पहिल्याच खेपेस तो जातो सोमवारी, आणि सोमवारी हा बाजार बंद असतो. आजकाल दहा रुपये मोबाईलवरून क्षणात परत करता येतात, म्हणून पहिल्या प्रसंगी तिच्या मोबाईलची बॅटरी संपवावी लागली. तेवढी एक अडचण सोडली तर गोष्ट कालिदासाच्या काळीही घडली असती. एकूण लांबी अठरा मिनिटे.

पहिली आवृत्ती त्यांनी मला दाखविली तेव्हा आमची आईही बसली होती. आरंभापासून अखेरपर्यंत संगीत वाजत होते. मुलगा अडखळला की तारा छेडल्याचा टुणटुण आवाज. मुलगी हसली की व्हायोलिनांचा पूर. आणि बाजार बंद असल्याचे त्याच्या ध्यानात आले की एक भोंगा खाली उतरत जाई, 'हसा, हसा' असे सांगत. हे सर्व तुकडे इंटरनेटवर फुकट मिळतात, असे मला सांगण्यात आले. फुकट मिळतात म्हणूनच ते आपण साबणाच्या, विम्याच्या आणि बिस्किटांच्या जाहिरातींत शंभर वेळा ऐकलेले असतात. आईने निम्मा चित्रपट पाहिला आणि ती शेंगा सोलू लागली. नंतर संकलन करणाऱ्या मुलीने तोच बंद बाजाराचा प्रसंग काही कारणाने आवाज बंद करून पुन्हा लावला. मुलगा घाईघाईने भांग पाडीत येतो, कोपऱ्यावर वळतो, आणि समोर बंद शटरांची रांग. आईने शेंगा खाली ठेवल्या आणि ती खुदकन हसली.

या एका प्रसंगाने मला जे शिकविले ते पुस्तकांतून शिकलो नसतो. विनोदात संगीत प्रेक्षकाच्या आधी हसले की प्रेक्षकाला हसण्याचे कारण उरत नाही. करुण प्रसंगाला संगीताची थोडीफार सोबत चालते, कारण रडताना माणसाला आधार लागतो. पण विनोद हा पाहणाऱ्याने स्वतः लावलेला शोध असतो. मूकपटांच्या काळी पडद्यासमोर पेटी-तबला घेऊन वादक बसत, कारण पडद्यावरच्या माणसांना वाचा नव्हती. आज ती वाचा आहे, पावलांना आवाज आहे, बाजाराला गोंगाट आहे. वादकांना पूर्वीइतकेच काम देण्याचे आता प्रयोजन नाही.

मुलांनी माझे म्हणणे मानले, पण अर्धेच. टुणटुण गेली आणि तिच्या जागी एका जुन्या हिंदी चित्रपटातील गाणे आले. गाणे अवीट गोडीचे होते यात शंका नाही. मी प्रथम कारकुनी हरकत घेतली. आपल्याकडील १९५७ च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो, आणि गीतकार व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. म्हणजे तबकडी मोकळी झाली तरी चाल आणि शब्द मोकळे झालेले असतातच असे नाही. मुले म्हणाली, "मामा, आमचा चित्रपट कोण पाहणार आहे?" ज्या कामाविषयी करणाऱ्याचीच ही अपेक्षा, त्याच्या हक्कांची चिंता व्यर्थ होती. तेव्हा मी खरी हरकत सांगितली. ते गाणे लागताच मला तुमचा नायक दिसेनासा होतो, त्या जुन्या चित्रपटातला नायक दिसू लागतो. प्रेम त्याचे, आठवण माझी, आणि तुमच्या वाट्याला काय?

हे बोलताना मला बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. १९५२ पासून १९६२ पर्यंत ते नभोवाणी खात्याचे मंत्री होते, आणि चित्रपटगीतांना त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर जवळजवळ मज्जाव झाला. शास्त्रीय संगीताला त्यांनी मोठा आश्रय दिला हे खरेच. पण श्रोत्यांनी काट्याची मूठ फिरवून रेडिओ सिलोन गाठले, आणि १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करून आकाशवाणीला त्यांच्यामागे जावे लागले. लोकांनी काय ऐकावे हे आपण ठरवावे ही इच्छा आम्हा सरकारी माणसांच्या अंगात असतेच. माझ्याही असावी. म्हणून मी त्या गाण्याला बंदी केली नाही. फक्त एक चित्रपट पाहा, असे सांगितले.

तो चित्रपट म्हणजे सई परांजपे यांचा 'चष्मे बद्दूर'. १९८१ सालचा. दिल्लीत एका खोलीत राहणारे तीन तरुण आणि घरोघर धुण्याची पूड खपविणारी एक मुलगी, एवढाच त्याचा पसारा. सईबाईंचे आरंभीचे काम पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावर मुलांच्या कार्यक्रमांत झाले. पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि दिल्लीचे दूरदर्शन. कान तयार झालेल्या माणसाने केलेला हा चित्रपट आहे. यातली नायिका गाणे शिकते. त्यामुळे राजकमल यांनी बांधलेले आणि हेमंती शुक्ला व येसुदास यांनी गायिलेले एक नितांतसुंदर गीत शिकवणीच्या निमित्ताने, तंबोऱ्याच्या सोबतीने येते. ते कोठून आले असा प्रश्न पडत नाही. उलट बागेत बागडत गाणाऱ्या नायक-नायिकांच्या रूढीची तेथे मनसोक्त थट्टा केलेली आहे. आणि दोघे मित्र त्या मुलीकडून फजीत होऊन परत येतात व खोलीत बसून आपल्या विजयाची रसभरित वर्णने करतात, तेव्हा प्रेक्षकाला सत्य आधीच ठाऊक असते. सांगणारा एक सांगतो, आपण दुसरे पाहिलेले असते, आणि हसू त्या दोहोंच्या फटीत जन्मते. ही फट ध्यानात ठेवा, असे मी मुलांना बजावले. पुढे ती माझ्यावरच उलटली.

चित्रपट पाहून मुले दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी त्यांतला एक पेटी घेऊन आला. त्याची आजी भजनाला वाजवी, ती ही पेटी. पेटीची आणि आकाशवाणीची जुनी तेढ आहे: १९४० साली आकाशवाणीने तिला बाहेर काढले ते तीस वर्षांहून अधिक काळ. तिचे स्वर ठोकळेबाज आहेत, तिच्यातून मींड निघत नाही, हे आक्षेप खोटे नव्हते. पण मराठी माणसाचे संगीत नाटक पेटीच्या आधारावर उभे राहिले, त्यामुळे माझा पक्षपात आपण समजून घ्यावा. तर त्या मुलाने भाता ओढला, आणि स्वर उमटण्याआधी पेटीने जो एक लहानसा श्वास घेतला तो ध्वनिमुद्रणात स्पष्ट आला. पुन्हा वाजवू, असे तो म्हणाला, संकलन करणारी मुलगी म्हणाली, "नको. स्वरच काढून टाक, श्वास ठेव." आता चित्रपटात नायक मुलीशी बोलण्यासाठी तोंड उघडतो त्या तीन जागी पेटीचा भाता नुसता उघडतो. स्वर येत नाही, कारण त्याला शब्द सापडत नाहीत. चौथ्या वेळी तो येतो. चार स्वरांची चाल, फार तर वीस सेकंद. बाकी सर्व पार्श्वसंगीत बाजाराचे: शंभरचा पुकारा, बांगड्यांची किणकिण, दूर कोठेतरी चाललेले नव्या मनोऱ्यांचे बांधकाम.

एका आवाजाविषयी मात्र मी पंचाची भूमिका सोडून सरळ आज्ञा केली. नायकाला ती मुलगी दुसऱ्यांदा दिसते त्या क्षणी त्याच्या कानाशी फुगा फुटतो, असा प्रसंग होता, आणि गंमत वाढावी म्हणून मुलांनी फुग्याच्या जागी मोठ्या स्फोटाचा आवाज घातला होता. भोवतालची माणसे दचकून वळून पाहतात, हे त्यांना भर बाजारात सहज टिपता आले होते. मी म्हटले, "हा आवाज काढा." का, म्हणून विचारले तेव्हा मला उत्तर देण्यास थोडा वेळ लागला. २००५ सालच्या ऑक्टोबरची २९ तारीख, शनिवार, दिवाळीच्या तोंडावरची संध्याकाळ. त्या दिवशी दिल्लीत तीन ठिकाणी स्फोट झाले, साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतली बहुतेक याच बाजारात. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. या मुलांतली कोणी त्या सुमारास जन्मली होती, कोणी जन्मायची होती. त्यांना हे ठाऊक नव्हते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्या दृश्यातली जी माणसे दचकून वळली त्यांतल्या कित्येकांचे केस पांढरे होते, एवढे मी त्यांना पडद्यावर थांबवून दाखविले. ती कशाला दचकली असतील हे सांगण्याची मग गरज राहिली नाही.

मुलांनी तो प्रसंग पुन्हा चित्रित केला. आता फुगा फुटत नाही. त्याची गाठ सुटते आणि हवा लांबलचक सुस्कारा टाकीत निघून जाते. नायकाची जी अवस्था झालेली असते तिला हा आवाज स्फोटापेक्षा कितीतरी अधिक शोभतो.

आता निवेदन. माझ्या फजितीचा भाग हा, आणि मी तो शेवटी ठेवला आहे यात अर्थातच हेतू आहे.

नायक दिल्लीत वाढलेला मराठी मुलगा. भोवतालचे सर्व जग हिंदी बोलते, आणि त्याचे मन मात्र मराठीत बोलते, अशी भाच्याची कल्पना होती. मला ती फार आवडली. पण त्याने लिहिलेले निवेदन हाती आले आणि माझ्यातला टिपणे सुधारणारा जागा झाला. भाचा नोएडात वाढला. घरी मराठी, पण दारापर्यंतच. 'तिने मला बोलले', 'दहा रुपये बाकी राहून गेले', 'मी तिची प्रतीक्षा करून राहिलो होतो', असे ते मराठी होते. आणि सर्वांवर कळस म्हणजे 'ती मला चांगली लागली'. हिंदीत 'अच्छी लगी' म्हणतात, त्याचे हे सरळ भाषांतर. मराठीत चांगली लागते ती आमटी. मी लाल शाई घेतली आणि दोन रात्रींत निवेदनाची चारही पाने नखशिखांत शुद्ध केली. 'ती मला चांगली लागली' याचे 'तिच्या दर्शनाने माझे चित्त वेधले गेले' असे झाले. आता हसू येते. त्या वेळी समाधान वाटले होते.

माझा आवाज जरा जड आहे, म्हणून वाचनही मीच करावे असे ठरले. खोलीत आवाज घुमू नये यासाठी मुलांनी कपाटाच्या उघड्या दारांवर दोन रजया टाकून एक गुहा केली, आणि त्या गुहेत, जानेवारीच्या थंडीत, भारत सरकारचा एक अधिकारी मांडी घालून एका विशीतल्या मुलाच्या प्रेमाचे निवेदन करीत बसला. मिनिटास सुमारे एकशेवीस शब्द या गतीने मी ते स्वच्छ वाचले. एकही उच्चार चुकला नाही.

चित्रासह ऐकले तेव्हा चित्रपट मेलेला होता. पडद्यावरचा मुलगा भांग पाडीत धावतो आहे, आणि वरून एक प्रौढ गृहस्थ त्याच्या वतीने निवेदन सादर करीत आहेत. मुलगा घाबरलेला, आवाज निश्चिंत. मी मनाची समजूत घातली की परंपरा माझ्या बाजूस आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, त्यात सूत्रधारच पदे म्हणून कथा पुढे नेई आणि पात्रे त्याच्या मागोमाग आपला भाग करीत. मृणाल सेन यांच्या १९६९ सालच्या 'भुवन शोम'मध्येही बाहेरचाच आवाज आहे, आणि तो तेव्हाच्या अगदी नवख्या अमिताभ बच्चन यांचा. परंतु विचार करता ध्यानात आले की तेथला आवाज करड्या रेल्वे अधिकाऱ्याची ओळख करून देतो ती डोळे मिचकावून. अधिकारी एकीकडे आणि आवाज त्याला चिमटा काढणारा. तरुण आवाज प्रौढ अधिकाऱ्याची थट्टा करतो तेव्हा विनोद होतो. प्रौढ अधिकारी तरुणाच्या पोटात शिरून बोलू लागला की त्याचे परिपत्रक होते. शिवाय 'मी' म्हणणारा आवाज सूत्रधाराचा नसतोच; तो पात्राचा असतो, आणि पात्राला स्वतःविषयी प्रेक्षकाहून कमी कळलेले असावे लागते. माझ्या शुद्ध वाक्यांना सर्व काही कळलेले होते. ती फट मी बुजवून टाकली होती.

हे मला कोणी सांगितले नाही. मुले अदबीने गप्प बसली होती. आईने मात्र विचारले, "हा मुलगा इतका मोठ्या माणसासारखा का बोलतोय रे? त्याला ती आवडली की नाही?"

मी लाल शाईची पाने बाजूस ठेवली आणि भाच्याला त्याचे मूळ पान घेऊन रजईत पाठविले. तो वाचताना अडखळला, एक वाक्य अर्ध्यावर सोडून हसला, आणि 'ती मला चांगली लागली' या जागी त्याचा आवाज इतका खाली गेला की संकलन करणाऱ्या मुलीला तो पुढे ओढून घ्यावा लागला. त्या वाक्यावर आई हसली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "लागली म्हणजे? चाखून पाहिली का?" आणि मग जरा थांबून म्हणाली, "पण खरं बोलतोय."

चार पानांतले सव्वा पान शेवटी उरले. जे चित्रात दिसते ते निवेदनातून काढले. बाजाराचे वर्णन गेले, हवामान गेले, मुलीच्या डोळ्यांविषयीची तीन वाक्ये गेली. भाचा आपल्या मातृभाषेत चुका करतो याचे मला दुःख नाही असे मी म्हणणार नाही. नोएडात वाढणाऱ्या मुलाच्या जिभेवर मराठी किती काळ टिकेल ही काळजी मला आहे आणि ती या चित्रपटाने दूर केलेली नाही. तो माझ्याकडे अधूनमधून व्याकरण शिकण्यास बसतो. 'लागणे' आणि 'आवडणे' यांतला भेद आता त्याला पुरता समजला आहे. चित्रपटातल्या मुलाला तो समजण्याची घाई नव्हती, इतकेच.

अखेरच्या प्रसंगी निवेदन नाही. मुलगी भेटते, पाकीट उघडते, आणि तिच्यापाशी शंभराची नोट निघते. नव्वद परत देण्यास त्याच्याजवळ सुटे नाहीत. पेटीचा भाता उघडतो, चार स्वर वाजतात, आणि मागे विक्रेता आपले 'शंभर, शंभर' पुकारीत असतो. तो पुकारा चित्रणाच्या वेळी आपोआप आला, कोणी घातलेला नाही. महाविद्यालयात तो दाखविला गेला तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. श्रेयनामावलीत माझे नाव शुद्धलेखनाचे साहाय्यक म्हणून आले आहे. त्यात 'शुद्ध' या शब्दातील द आणि ध यांची जागा उलटली होती. भाच्याने दुरुस्त करू का म्हणून विचारले. मी म्हटले, राहू दे.